आरव्ही-७: पंखाचा खालचा पत्रा बंद करण्याआधी आत काय काय टाकून ठेवायचं?

गगनवेडा_ओहायो

नमस्कार मंडळी,

आरव्ही-७ चे (व्हॅन्स कंपनीचं, किटमधून घरी जोडायचं छोटं विमान) दोन्ही पंख स्टँडवर आहेत. वरचे पत्रे रिव्हेट करून झाले, खालचे नुसते क्लेकोवर (पत्रा तात्पुरता धरणाऱ्या पिनांवर) टांगलेत. आत मोकळेपणाने हात घालायची सोय आहे ती आत्ताच. खालचा पत्रा एकदा बसला की बेलक्रँकच्या (पंखातल्या कंट्रोलच्या तरफेच्या) झाकणातून आणि टिपच्या (पंखाच्या टोकाच्या टोपीच्या) बाजूने जेवढा हात जाईल तेवढाच. फ्यूजलाज (विमानाचं धड) अजून पेटीत आहे आणि पॅनेलमध्ये कोणाचे स्क्रीन बसवायचे तेही पक्कं नाही.

पंखात जायच्या वस्तू अशा: दोन्ही बाजूंना लीडिंग एजमध्ये (पंखाच्या पुढच्या कडेत) एलईडी लँडिंग लाइट, दोन्ही टिपवर नॅव्ह (विमानाची बाजू दाखवणारे) आणि स्ट्रोब (लखलखणारे) एकत्र असलेले एलईडी दिवे, डाव्या पंखात हीटरवाली पिटो ट्यूब (हवेतला वेग मोजायची नळी) आणि स्टॉल वॉर्निंगचा (पंखाची उचल सुटत आल्याची सूचना देणारा) स्विच, उजव्या पंखात ऑटोपायलटचा रोल सर्व्हो (विमान डावी-उजवीकडे कलवणारी मोटर), दोन्ही टाक्यांचे फ्लोटवाले सेंडर (इंधनाची पातळी कळवणारे). टिपमध्ये व्हीओआरची (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा कळवणाऱ्या यंत्रणेची) अँटेना आणि मॅग्नेटोमीटर (दिशेसाठी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) टाकायचा विचार आहे, पण कुठल्या टिपमध्ये काय ते ठरत नाहीये. सिस्टिम १४ व्होल्टची.

प्रश्न:
१. रिबमधून (पंखाच्या फासळ्यांमधून) कोरुगेटेड (वळ्यावळ्यांची) नळी टाकू की नुसते स्नॅप बुशिंग (भोकात बसणाऱ्या प्लास्टिकच्या कड्या) पुरे?
२. कशाला किती गेजची (आकडा लहान तशी जाड) वायर?
३. दिव्यांचं ग्राउंड तिथेच रिबला द्यायचं की परतीची वायर फ्यूजलाजपर्यंत आणायची?
४. पंखाच्या मुळाशी कनेक्टर लावावा का, आणि कुठला?

---

जुना_एव्हिऑनिक्सवाला

पॅनेल ठरलं नाही म्हणून अडू नका. पत्रा बंद करण्याआधी वाट तयार हवी, वायर मागाहूनही ओढता येते. म्हणून पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: नळी टाका, आणि बुशिंगसुद्धा. दोन वेगळ्या वाटा ठेवा.

नळी म्हणजे बाहेरून पाऊण इंच, आतून साधारण पाच अष्टमांश इंच व्यासाची कोरुगेटेड प्लास्टिकची. तिच्यासाठी रिबमध्ये पाऊण इंचाचं भोक लागतं. ते कुठे पाडायचं याचं ड्रॉइंग व्हॅन्सने दिलेलं आहे. त्यातल्याच जागा घ्या, स्वतःच्या मनाने रिबमध्ये भोकं पाडू नका. मेन स्पार आणि रिअर स्पारला (पंखाच्या मुख्य आणि मागच्या तुळईला) तर ड्रिल लावायचंच नाही. स्टेप ड्रिलने हळूहळू मोठं करत जा आणि दोन्ही बाजूंची बर (ड्रिलने उरलेली धारदार कड) काढा. रिब आता रिव्हेट झालेल्या असल्याने सरळ ड्रिल आत मावणार नाही, काटकोनी ड्रिल लागेल. कचरा खालच्या फ्लँजवर पडतो, तो त्याच दिवशी व्हॅक्यूमने ओढून घ्या. ॲल्युमिनियमचे हे बारीक कुरळे छिलके पुढे वायरच्या जुडग्यात शिरून बसतात.

नळी सरकू नये म्हणून दर दोन-तीन रिबला आरटीव्हीचा (चिकटवायच्या सिलिकॉनचा) ठिपका द्या. इथे एक गोष्ट लोक हमखास चुकतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. ॲल्युमिनियमला आणि तांब्याला ते गंज चढवतं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलंच घ्या. नळीचा सगळ्यात खालचा बिंदू शोधून तिथे एक बारीक भोक पाडा, साचलेलं पाणी निघून जाईल.

नळी भरून जाईल ही भीती बऱ्याच जणांना असते, म्हणून हिशोबच मांडतो. आतला व्यास १६ मिमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मिमी. टेफझेल वायरचा बाहेरचा व्यास २२ गेजला १.१ मिमी, २० ला १.३, १८ ला १.५, १४ ला २.२. म्हणजे अनुक्रमे १, १.३, १.८ आणि ३.८ चौरस मिमी. आरजी-४०० कोॲक्स (अँटेनाची केबल) ५ मिमी जाड, ती एकटी जवळजवळ २० खाते. तुमच्या डाव्या पंखातलं सगळं मिळून ४० च्या आसपास जाईल, म्हणजे वीस टक्के. निम्म्यापर्यंत नळी सहज ओढू देते, त्यापुढे वायर एकमेकींना घासायला लागतात. प्रत्येक वेळी वायर ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी ओढून आत तशीच सोडून द्या. तीच पुढच्या वायरची वाट.

बुशिंगची वाट वेगळी कशासाठी? पिटो आणि एओएच्या (वाऱ्याशी पंखाचा कोन मोजणाऱ्या यंत्राच्या) हवेच्या नळ्या, आणि पुढे मॅग्नेटोमीटरची केबल, या हीटरच्या वायरसोबत एका नळीत नकोत. पाच अष्टमांश इंच भोकात बसणारं एसबी६२५-७ बुशिंग आतून सात षोडशांश इंच उघडं असतं, ते पुरतं.

आता गेज. वायर एम२२७५९/१६, म्हणजे टिनचा मुलामा दिलेली तांब्याची तार आणि टेफझेलचं आवरण, १५० अंश सेल्सिअसपर्यंत चालणारी. पीव्हीसीची गाडीची वायर नको. ती पेटली की तिचा धूर कॉकपिटमध्ये सहन होत नाही. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामकाच्या) एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेच्या अकराव्या प्रकरणाप्रमाणे १४ व्होल्टच्या सिस्टिमला सतत चालणाऱ्या लोडवर अर्धा व्होल्ट आणि थोडा वेळ चालणाऱ्या लोडवर एक व्होल्ट एवढीच घट चालते. रेझिस्टन्स हजार फुटांना नव्हे, एका फुटाला मिलिओहममध्ये लक्षात ठेवला की गणित तोंडी होतं: २० गेज ९.९, १८ गेज ६.२, १६ गेज ४.८, १४ गेज ३.१, १२ गेज २.०.

पिटो हीटर थंडीत ८ ते १० अँपिअर घेतो. ब्रेकरपासून पिटोपर्यंत वळणं आणि ढील धरून १५ फूट धरा. १४ गेजने १० अँपिअरला ०.४६ व्होल्ट गेले. ग्राउंड तिथेच स्पारजवळ दिलं तर बसलं. परतीची वायरही तेवढीच आणली तर ०.९२, मग १२ गेज लागेल (दोन्ही मिळून ०.६१, तरी वरच). हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे अर्ध्या व्होल्टला सात टक्के उष्णता गेली. म्हणून पिटोच्या बाबतीत कंजुषी नको.

एलईडी लँडिंग लाइट ४ अँपिअर धरला तर १७ फुटांना १८ गेजवर ०.४२ व्होल्ट. नॅव्ह-स्ट्रोबचे २ अँपिअर, २० फूट, २० गेज, ०.४० व्होल्ट. एलईडीच्या आतला ड्रायव्हर स्वतःच करंट सांभाळतो, त्यामुळे तिथे थोडी जास्त घट झाली तरी दिवा मंद होत नाही. उद्या जुना १०० वॉटचा हॅलोजन लावायची हौस आली तर मात्र ७ अँपिअरच्या वर जाईल आणि १४ गेज हवं. स्टॉल स्विच, सेंडर, दोन्ही टिपच्या स्ट्रोबची एकमेकांशी जुळवणी करणारी सिंक वायर, हे सगळं २२ गेज. सिंक वायर लोक विसरतात आणि मग दोन्ही टिप आपापल्या तालात चमकतात.

ब्रेकर वायरसाठी असतो, उपकरणासाठी नाही: २२ ला ५, २० ला ७.५, १८ ला १० अँपिअरच्या वर नको. पिटोच्या १४ गेजला १५ चा लावा.

---

रिव्हेटराव

वरचं बहुतेक पटलं. काही भर, आणि ग्राउंडवर थोडा मतभेद.

आधी भर. रिबमधल्या मोठ्या लायटनिंग होलमधून (वजन कमी करायच्या भोकातून) एलरॉनचा (पंखाच्या मागच्या हलत्या फळीचा) पुशरॉड जातो. सोयीचं दिसतं म्हणून वायर त्यातून नेऊ नका. आत्ता पुशरॉड आणि बेलक्रँक तात्पुरते बसवा, दोन्ही टोकांपर्यंत हलवा आणि वायर कुठे जवळ येते ते बघा. कंट्रोलपासून तीन इंच अंतर ठेवायचं, ते मिळत नसेल तर मध्ये गार्ड किंवा पक्का क्लॅम्प हवा. सर्व्होच्या वायरीची ढील बेलक्रँकच्या आर्मच्या वाटेत येणं हा इथला नेहमीचा दोष. पत्रा बंद झाल्यावर तो दिसतही नाही, नुसता स्टिकला कुठेतरी अडखळ जाणवतो.

नळीतून बाहेर पडल्यावर वायर मोकळी लोंबू देऊ नका. रबर लावलेले एमएस२१९१९ क्लॅम्प स्क्रूने बसवा. दोन क्लॅम्पच्या मध्ये बोटाने दाबल्यावर वायर अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली जाता कामा नये. चिकटपट्टीवाले टायचे ठोकळे पंखात वापरू नका. उन्हात उभ्या विमानाचा पंख आतून इतका तापतो की गोंद सुटतो आणि ठोकळा वायरसकट लोंबकळतो. भोकाची कड जिथे उघडी आहे तिथे नायलॉनचं दातेरी ग्रोमेट. वळणाची त्रिज्या जुडग्यातल्या सगळ्यात जाड वायरच्या दहापट. आरजी-४०० ला हे म्हणजे ५० मिमी.

हीटरवाल्या पिटोची मागची शेपटी धातूची असते आणि ती चांगलीच गरम होते. प्लास्टिकची हवेची नळी थेट तिथे जोडू नका. धातूची नळी पुढे वाढवून, थंड जागेत आणून मग प्लास्टिकला जोडा. हीटरची वायरही त्या नळीला टेकवून बांधू नका.

आता ग्राउंड. धातूच्या पंखात रिबला ग्राउंड देणं चुकीचं नाही, हजारो विमानं तशीच उडतात. पण ते कसं देतात त्यावर सगळं आहे. प्रायमरवर रिंग टर्मिनल आवळून काम भागवलेलं असतं. पहिल्या वर्षी चालतं, मग स्ट्रोब अधूनमधून रुसतो. नटप्लेटच्या (पत्र्यावर पक्क्या बसवलेल्या नटच्या) जागी रिंगपेक्षा थोडं मोठं वर्तुळ स्कॉचब्राइटने उघडं धातू दिसेपर्यंत घासा, लगेच टर्मिनल आवळा आणि वरून प्रायमरने सगळं झाका. घासणं आणि आवळणं यात दिवस जाऊ देऊ नका.

जोड कसा झाला ते साध्या मल्टिमीटरच्या ओहमवर कळत नाही, कारण त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स जास्त असतो. बेंच सप्लायने त्या जोडातून बरोबर १ अँपिअर सोडा आणि रिंग ते रिब मिलिव्होल्ट मोजा. तीन मिलिव्होल्ट म्हणजे तीन मिलिओहम. त्याच्या वर आलं तर पुन्हा घासा.

टिप फायबरग्लासची आहे, त्यामुळे तिथल्या दिव्याला ग्राउंडची वायर शेवटच्या रिबपर्यंत तरी आणावीच लागते. मग तेवढ्याचसाठी मी परतीची वायर थेट फ्यूजलाजपर्यंत आणेन. २० गेजची वीस फूट वायर म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम.

टाकीच्या सेंडरबद्दल: फ्लोटवाला सेंडर रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ च्या आसपास दाखवतो. तो सीलंट लावून बसवलेला असतो आणि सीलंट वीज वाहून नेत नाही. स्क्रूच्या आट्यांवर भरवसा ठेवला तर पाचदहा ओहम मध्येच वाढतात आणि गेज टाकी आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. सेंडरच्या एका स्क्रूखाली रिंग घालून स्वतंत्र ग्राउंड वायर आणा.

---

गगनवेडा_ओहायो

दोघांचेही आभार. नळीची भोकं ड्रॉइंगप्रमाणेच घेतो. दोन गोष्टी राहिल्या: मॅग्नेटोमीटर आणि व्हीओआर अँटेना यांची वाटणी, आणि मुळाशी कनेक्टर. शिवाय परतीच्या वायरीचा वाद वजनापुरताच आहे की आणखी काही?

---

लंडनकर_टेलड्रॅगर

वजनाचा नाही, मॅग्नेटोमीटरचा आहे. आकडाच बघा. सरळ एकेरी वायरमधून २ अँपिअर जात असतील तर १० सेंटिमीटरवर ४ मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तुमच्याकडे ओहायोत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग १८ ते २० मायक्रोटेस्ला आहे. हे ४ त्याला काटकोनात पडले तर हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) अकरा-बारा अंशांनी फिरलं. स्ट्रोब चमकेल तसतसं हेडिंग डुलत राहणार. कॅलिब्रेशनने हे जात नाही, कारण कॅलिब्रेशन स्थिर चूक काढतं, चालू-बंद होणारी नाही.

जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पिळून नेली की दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. रिबला ग्राउंड दिलं की येणारा करंट पत्र्यातून वाट्टेल त्या मार्गाने जातो आणि खोडाखोड होत नाही. म्हणून ज्या पंखात मॅग्नेटोमीटर, त्या पंखातल्या प्रत्येक दिव्याला पिळलेली जोडी. दुसऱ्या पंखात रिबला ग्राउंड द्या, काही बिघडत नाही. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली, ती याच कारणाने: रुळांतून आणि जमिनीतून परतणारा करंट.)

मग वाटणी आपोआप ठरते. पिटो हीटरचे दहा अँपिअर डाव्या पंखात आहेत आणि त्याचं ग्राउंड तिथेच द्यायचंय, तर मॅग्नेटोमीटर उजव्या टिपमध्ये आणि व्हीओआर डाव्या टिपमध्ये. उजवीकडचा लँडिंग लाइट टिपच्या जवळच असतो, त्यालाही पिळलेली जोडी: १६ गेजने ४ अँपिअरला जाऊन-येऊन ३४ फुटांवर ०.६५ व्होल्ट. एलईडी आहे आणि थोडाच वेळ लावायचाय, चालेल. सर्व्होमध्येही चुंबक असतं, पण तो बेलक्रँकपाशी आहे, टिपपासून पुरेसा लांब.

मॅग्नेटोमीटरचा ब्रॅकेट ॲल्युमिनियमचा, स्क्रू पितळेचे किंवा खात्रीच्या बिनचुंबकी स्टेनलेसचे. दुकानातलं स्टेनलेस म्हणून मिळतं ते सगळं बिनचुंबकी नसतं, प्रत्येक स्क्रू दोऱ्याला बांधलेल्या छोट्या चुंबकाजवळ नेऊन बघा. टिपचे नटप्लेट आणि स्क्रू हे दोन्ही तपासा. नंतर एलरॉन वर-खाली करून बघा, त्याच्या पुढच्या कडेत वजनासाठी पाइप असतो. तो स्टीलचा असला आणि मॅग्नेटोमीटर फार मागे बसवला असला तर स्टिक हलवली की हेडिंग हलतं. ब्रॅकेट टिपच्या पुढच्या भागात घ्या. आणि बसवताना तो विमानाच्या अक्षाशी समांतर हवा. टिपच्या तिरक्या कडेशी समांतर नव्हे.

ब्रॅकेट कायमचा करण्याआधी चाचणी: हँगरमधून बाहेर, लोखंडापासून दूर, हेडिंगवर लक्ष ठेवून एकेक दिवा, हीटर, सर्व्हो चालू-बंद. दोन अंशांहून जास्त हललं तर वाट बदला.

तुमचे स्क्रीन कॅन बस (एकाच तारांच्या जोडीवर अनेक उपकरणं बोलतात ती पद्धत) वापरणारे निघाले तर सर्व्हो आणि मॅग्नेटोमीटर एकाच पिळलेल्या, शील्डेड जोडीवर एका ओळीत लावता येतात. बस एकाकडून दुसऱ्याकडे जाते, फाटे फोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे टर्मिनेटर. पॉवर बंद ठेवून दोन तारांमध्ये मोजा: ६० आलं तर बरोबर, १२० म्हणजे एक टर्मिनेटर गायब, ४० म्हणजे तिसरा कुठेतरी घुसलाय. पॅनेल ठरायच्या आधी ओढायचीच असेल तर अशी एक शील्डेड जोडी आणि सोबत २० गेजच्या दोन वायर उजव्या पंखात टाका, बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या सर्व्होला पुरेल.

व्हीओआरची टिपमधली अँटेना १०८ ते ११८ मेगाहर्ट्झला काम करते. दिव्याची वायर तिच्या समोरून मोकळी लोंबत गेली तर ती अँटेनाचाच भाग होऊन बसते. अँटेनासोबतच्या कागदावर वायर कुठल्या कडेने न्यायची ते दिलेलं असतं, तिथूनच न्या. एलईडीच्या ड्रायव्हरचा खरखराट रेडिओत येतो तोही याच पट्ट्याच्या आसपास, ११८ ते १३७. म्हणून दिवे विमानात लावायच्या आधी टेबलावर बॅटरीने चालू करा, शेजारी हँडहेल्ड रेडिओ ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडं ठेवा. खरखर आली तर शील्डेड वायर, शील्डचं ग्राउंड दिवा बनवणाऱ्याने सांगितलेल्या एकाच टोकाला, आणि दिव्याच्या अगदी जवळ फेराइट (खरखर शोषणारं कडं). फेराइट पंखाच्या मुळाशी लावून काही उपयोग नाही, तोवर मधली दहा फूट वायर प्रक्षेपण करून मोकळी झालेली असते.

---

जुना_एव्हिऑनिक्सवाला

टेलड्रॅगर, मॅग्नेटोमीटरबाबत मान्य, उजव्या पंखात पिळलेली जोडी.

कनेक्टरबद्दल. पंख आणि फ्यूजलाज जोडताना स्पार आत सरकवतात, त्या वेळी लोंबती वायर मध्ये चिमटली तर वाट लागते. म्हणून प्रत्येक वायरची मुळाशी चार-पाच फूट शेपटी ठेवा, तिची गुंडाळी रूट रिबला (मुळाच्या रिबला) बांधा, आणि कनेक्टर फ्यूजलाजच्या आत, सीटच्या फरशीखाली घ्या. रूटच्या फटीत टाकीची जोडणी असते, तिथे मला एकही जास्त करंटचा जोड नको.

कमी करंटच्या वायरींना मशीन्ड पिनचा डी-सब (अनेक पिनांचा कनेक्टर) उत्तम. एका पिनला २० ते २४ गेज आणि ५ अँपिअरपर्यंत. १८ गेज त्यात कोंबायचं म्हणून तार कातरू नका. लँडिंग लाइट आणि पिटोला वेगळी जोडणी: पीआयडीजी प्रकारची (आवरणवाली, दाबून बसवायची) रिंग किंवा बट स्प्लाइस (दोन टोकं जोडणारी नळकांडी). लाल २२ ते १६, निळी १६ ते १४, पिवळी १२ ते १०. क्रिंप (दाबून केलेला जोड) रॅचेटवाल्या हत्यारानेच, जे तारेला आणि आवरणाला दोन्ही ठिकाणी दाबतं. पक्कडीने दाबलेली रिंग दिसायला तीच दिसते आणि हिसक्याला निसटते. नमुन्याची क्रिंप करून स्प्रिंगच्या काट्याला लावून ओढा: २० गेजला साडेआठ किलो, १८ ला १७, १४ ला ३२ किलो सहज पेललं पाहिजे. सोल्डर नको. सोल्डर तारेत वर चढतं, तिथे तार कडक होते आणि कडक-मऊच्या सीमेवर कंपनाने तुटते.

पिन लावायचं काम वायर नळीतून ओढून झाल्यावर करा. पिन लावलेली वायर ओढली की पिनची जीभ नळीच्या वळ्यांत अडकते. ओढताना टोकं एका रेषेत बांधू नका, एकामागे एक अशी उतरती बांधा आणि वर टेप गुळगुळीत गुंडाळा.

लेबल दोन्ही टोकांना, कनेक्टरपासून तीन इंचांच्या आत, छापील हीट श्रिंकवर. पांढऱ्या वायरीच आहेत सगळ्या, महिनाभरात कोणती कुठली ते कळेनासं होतं.

---

गगनवेडा_ओहायो

सर्व्होचं झाकण काढून पुढे कधी वायर बदलता येईल ना? आणि पत्रा बंद करण्याआधी शेवटची तपासणी काय करू?

---

रिव्हेटराव

सर्व्होच्या पिगटेलला (त्यातून निघालेल्या छोट्या वायरीला) झाकणाच्या भोकातून बाहेर येऊन जोडता येईल एवढी, म्हणजे सहा-आठ इंच ढील ठेवा आणि ती क्लॅम्पने बेलक्रँकपासून दूर बांधा. टिपच्या दिव्यांनाही तसंच: टिपचे स्क्रू काढून टिप हातभर बाजूला धरता आली पाहिजे, नाहीतर एका हाताने टिप सांभाळत दुसऱ्या हाताने कनेक्टर सोडवायची कसरत होते. टिपच्या कनेक्टरच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

तपासणी. काहीही जोडलेलं नसताना प्रत्येक वायर पत्र्याशी आणि शेजारणींशी ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरण तपासायच्या मीटरने) बघा. रिबच्या कडेला आवरण सोललं असेल तर ते इथेच कळतं. उपकरणं जोडलेली असताना मेगर लावू नका, एलईडीचा ड्रायव्हर आणि सर्व्हो दोन्ही जातील. मग खऱ्या लोडवर: मुळाशी बॅटरी, टोकाला दिवा, दोन्हीकडचे व्होल्ट मोजून घट काढा. वर दिलेल्या गणितापेक्षा दुप्पट आली तर कुठलीतरी क्रिंप किंवा ग्राउंड कच्चं आहे. पिटो हीटर काही सेकंदच लावा, वारा नसताना तो स्वतःलाच जाळून घेतो. प्लास्टिकचं कव्हर काढलंय ना ते आधी बघा.

हवेच्या नळ्यांचीही चाचणी आत्ताच. पिटोच्या नळीत हळूच दाब द्या, टोक बंद करा आणि एक मिनिट तो टिकतोय का बघा. पिटो आणि एओएच्या नळ्यांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावा, मुळाशी त्या सारख्याच दिसतात.

---

लंडनकर_टेलड्रॅगर

आमच्याकडे ब्रिटनमध्ये एलएएच्या (हलक्या विमानांच्या संघटनेच्या) इन्स्पेक्टरने बघितल्याशिवाय पंख बंद करता येत नाही. तुमच्याकडे तशी सक्ती नाही, तरी ईएएच्या (तुमच्याकडच्या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या) टेक्निकल काउन्सिलरला बोलवा. पैसे घेत नाहीत, आणि नवी नजर रिबच्या मागे लपलेला टाय सहज पकडते.

त्याआधी प्रत्येक बेचे (दोन रिबमधल्या कप्प्याचे) फोटो, पट्टी शेजारी ठेवून. रूट रिबपासून वायरची वाट किती इंचांवर वळते ते फोटोत दिसलं पाहिजे. दोन वर्षांनी पंखाच्या पोटाला नवी अँटेना लावायला ड्रिल हातात घ्याल, तेव्हा आतली नळी नेमकी कुठून जाते हे त्या फोटोतूनच कळेल.

आणि नळीतली जादा दोरी दोन्ही टोकांना रिबला गाठ मारून ठेवा. एका टोकाला सुटी असली की पहिल्याच वायरसोबत ती ओढून बाहेर येते.

---

गगनवेडा_ओहायो

ठरलं तर: डावीकडे पिटो, स्टॉल, व्हीओआर, उजवीकडे सर्व्हो, मॅग्नेटोमीटर आणि सगळ्या दिव्यांना पिळलेली जोडी. न्यूट्रल क्युअर आरटीव्ही आणि काटकोनी ड्रिल मागवलंय. सिंक वायर खरंच यादीत नव्हती, आता आहे.